दगडीच्या जनावराला ट्यूब सोडण्यापूर्वी : पशुपालक ग्राहकांसाठी माहिती

कासदाहाची, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो त्या आजाराची, जनावरे आमच्या दवाखान्यात वर्षभर येतात आणि पावसाळ्यात गोठा ओला राहू लागला की ती वाढतात. दुधात गाठी येणे, कास गरम व टणक होणे, धार काढताना गाईने लाथ झाडणे ही लक्षणे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. मात्र दुधाचा नमुना देण्यापूर्वीच सडात ट्यूब सोडलेली असते, आणि ही गोष्ट बहुधा आम्ही दोनदा विचारल्यानंतर कळते, म्हणून हे पत्रक.

ट्यूब मेडिकलमधून आणलेली असो, मागच्या वेळची उरलेली असो वा शेजाऱ्यांनी दिलेली असो, तिच्यातील प्रतिजैविक दुधात मिसळते. असा नमुना तपासणीस गेला की कासेत जंतू जिवंत असूनही प्रयोगशाळेत ते वाढत नाहीत आणि अहवालात केवळ ‘वाढ आढळली नाही’ एवढेच येते. औषध न देताही काही नमुन्यांत असे घडते, हे खरे. परंतु ट्यूब सोडल्यावर त्या अहवालाचा अर्थच लावता येत नाही. नमुना पुन्हा घ्यायचा तर औषधाचा अंश निघून जाईपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्या अवधीत एखादा सड कायमचा बंद पडू शकतो.

दगडी ती दगडी, जंतू कोणता याने काय फरक पडतो, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. फरक मोठा आहे. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिए हा जंतू पेनिसिलीन गटातील औषधांना सहसा चांगली दाद देतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र कासेच्या आत खोलवर दडून बसतो; दोन दिवसांत दूध स्वच्छ दिसते, आपण ट्यूब बंद करता आणि काही आठवड्यांनी त्याच सडाला पुन्हा दगडी होते. अशा गाईची धार सर्वांत शेवटी काढावी लागते, कारण जंतू धार काढणाऱ्याच्या हातांतून आणि यंत्राच्या कपांतून पुढच्या जनावरात जातो. शेणातून येणाऱ्या ई. कोलायमध्ये गाय अचानक वैरण सोडते, दूध पिवळसर पाण्यासारखे येते, आणि जंतूंचे विष रक्तात भिनत असल्याने सडातील ट्यूबपेक्षा सलाईन व दाह कमी करणारे औषध अधिक महत्त्वाचे ठरते. (दाह कमी करणाऱ्या डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मात्र आमच्याकडे मागू नये, ते दिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरत असल्याने जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे.) बाहेरून हात लावून पाहिल्यास या तिन्ही कासा सुरुवातीला सारख्याच टणक लागतात.

गाय तळमळत असताना डॉक्टर बाटली काय मागतात, अशी काही ग्राहकांची तक्रार असते. नमुना घेण्यास काही मिनिटेच लागतात आणि त्यानंतर आम्ही त्याच भेटीत, लक्षणांवरून योग्य वाटेल तो उपचार सुरू करतो. जंतू वाढण्यास 24 ते 48 तास आणि त्यावर कोणते औषध लागू पडते हे पाहण्यास साधारण आणखी एक दिवस लागतो; अहवाल आल्यावर गरज असल्यास औषध बदलतो. गाय बसली असेल, कान थंड पडले असतील किंवा सड निळा-काळा दिसत असेल, तर वेळ न पाहता फोन करावा. मात्र आम्ही येईपर्यंत सडात काहीही सोडू नये.

नमुना स्वतः आणायचा असल्यास निर्जंतुक बाटली आमच्याकडून विनामूल्य न्यावी. औषधाची धुतलेली जुनी बाटली चालत नाही. सड कोरडा पुसावा, त्याचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासून बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात टाकाव्यात आणि मग बाटली तिरपी धरून, तिच्या तोंडाला सड न लागू देता, थोडेसे दूध घ्यावे. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी आणावी.

उपचार सुरू झाल्यावर दूध स्वच्छ दिसले तरी सांगितलेला डोस पूर्ण करावा आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या गाईच्या चारही सडांचे दूध डेअरीला घालू नये. अशा दुधाला घरी विरजणही नीट लागत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल.

लक्षणे न दाखवणारी सुप्त दगडी ओळखण्यासाठी आम्ही गोठ्यावर येऊन प्रत्येक सडाच्या दुधाची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही चाचणी करतो. चार खणांच्या तबकात दूध आणि द्रावण समप्रमाणात घेऊन फिरवले की दोषी सडाचे दूध तिथल्या तिथे चिकट, शेंबडासारखे होते. गाई आटवण्याच्या, म्हणजे विण्यापूर्वी त्यांचे दूध काढणे थांबवण्याच्या, आधी ही चाचणी करून घेतल्यास कोणत्या सडाला अधिक काळजी हवी हे ठरवता येते. आटवतानाच्या ट्यूबही आम्ही त्यानंतरच देतो. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते, म्हणून सड औषधात बुडवून गाईपुढे लगेच वैरण टाकावी, म्हणजे ती खाली बसत नाही.

नमुन्याच्या बाटलीवर गाईचा बिल्ला क्रमांक, सड (उदाहरणार्थ ‘मागचा डावा’), नमुना घेतल्याची वेळ आणि याआधी कोणतेही औषध दिले असल्यास त्याचे नाव लिहावे. ट्यूब सोडून झालीच असेल तर ते न लपवता लिहावे. नमुना कधी घ्यायचा ते आम्ही त्यावरून सांगू.