पौगंड, किशोर की तरुण? बडोद्यातल्या बालविकास-अभ्यासामागची गोष्ट

बडोद्यातल्या मराठी घरातल्या एखाद्या मुलीने शिक्षिका व्हायचं ठरवलं की तिच्या टेबलावर तीन भाषांतली पुस्तकं जमतात. राज्याच्या टेट या शिक्षक पात्रता परीक्षेसाठी गुजराती, केंद्राच्या सीटेटसाठी हिंदी, आणि पुण्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या आत्याने जपून ठेवलेली डीएडची मराठी. विषय एकच, बालविकास. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला म्हणायचं काय, यावर तिन्ही पुस्तकांचं जमत नाही. हिंदीत तो किशोर आहे, गुजरातीत तरुण, आणि मराठीत कुणाचा कुमार तर कुणाचा पौगंड.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. बालपण कुठे संपतं यावर इथे पेपर ठरतो, पदवी ठरते आणि पुढे नोकरीही. त्यामुळे आधी थोडं मागे जाऊ.

संस्थानाच्या काळात बालमानसशास्त्र हा विषय म्हणून फारसा कुणाच्या ओठांवर नव्हता, पण मुलांच्या वयाची चर्चा मात्र सरकारदरबारी होत होती. अमरेली भागात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संस्थानभर लागू झाली. हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कमी सांगितलं जातं ते हे, की सक्तीच्या वयात मुलगे आणि मुली सारखे नव्हते. मुलींची मर्यादा आधी संपायची. म्हणजे कायद्याच्या नजरेत मुलीचं बालपण लवकर आटोपत होतं. त्या वयानंतर तिचं काय, हा प्रश्न शिक्षणखात्याचा नव्हता, लग्न ठरवणाऱ्यांचा होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये विद्यापीठ आलं आणि पाठोपाठ गृहविज्ञानाची शाखा. बालविकास हा विषय इथे शिक्षणशास्त्राच्या दारातून आला त्याहून जास्त गृहविज्ञानाच्या दारातून आला, हे लक्षात ठेवायला हवं. शिकायला मुली, शिकवायला बाया आणि निरीक्षणाला आवारातलीच बालवाडी. ‘स्वयंपाक-शिवण शिकवतात तिथे’ अशी या शाखेची कुचेष्टा आमच्या दांडिया बाजारातल्या ओट्यांवर बराच काळ चालली. पण बाळ मान कधी धरतं, आधाराशिवाय कधी बसतं, दोन ठोकळे एकमेकांवर कधी ठेवतं, याचं भारतीय मुलांसाठीचं मोजमाप, ज्याला आज ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात, ते याच शहरातल्या कामातून उभं राहिलं. एका मराठी बाईंनी वर्षानुवर्षं बडोद्यातल्या तान्ह्या मुलांच्या नोंदी घेऊन परदेशी चाचणीला इथली मापं लावली. त्यातूनच १९९१ मध्ये ० ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी ५४ कसोट्यांची छोटी तपासणी निघाली. केरळात बाळांच्या विकासाची चाळणी करायला जो १७ कसोट्यांचा तक्ता वापरतात, त्याच्या कसोट्याही या बडोदा मापांतूनच निवडलेल्या आहेत. सीटेटला बसणारी बडोद्याची मुलगी पियाजे, कोलबर्ग आणि व्हायगॉट्स्की ही तीन मानसशास्त्रज्ञांची नावं रात्री जागून घोकते, कारण ती अभ्यासक्रमात नावानिशी आहेत. आपल्या शहराच्या नावाची मापं त्यात नाहीत. असो.

या सगळ्या कामात तान्हं मूल आहे, बालवाडीतलं मूल आहे. मिसरूड फुटलेला मुलगा त्यात फारसा दिसत नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनेही भर दिला तो सहा वर्षांखालच्या मुलांवर आणि त्यांच्या आयांवर. ‘बालविकास’ म्हटलं की अंगणवाडी, ही सांगड तेव्हापासून इतकी पक्की बसली की विद्यापीठातल्या विभागाने नंतर नाव बदलून ‘मानव विकास’ घेतलं तरी घरचे लोक अजून विचारतात, “म्हणजे अंगणवाडीचा कोर्स का?”

आता मूळ गाठीकडे.

संस्कृतात वयाची एक जुनी वाटणी आहे: पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. या हिशेबाने पौगंड म्हणजे दुसरी-तिसरीतलं पोर. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांनी मात्र हाच शब्द उचलून थेट बारा-तेराच्या पुढे नेऊन ठेवला. आज मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हटलं की मुरुमं, आवाज फुटणं, आरशासमोर तास घालवणं, असंच डोळ्यासमोर येतं. त्याच वेळी संस्कृतात पाचाला संपणारा कुमार मराठीत आणखीच वर चढला. महाराष्ट्रात आठवीपर्यंतच्या मराठीच्या पुस्तकाचं नाव बालभारती, नववी-दहावीच्या पुस्तकाचं कुमारभारती आणि पुढे युवकभारती. पाठ्यपुस्तकांच्या हिशेबात चौदाव्या-पंधराव्या वर्षी मूल कुमार होतं. लग्नपत्रिकेतली ‘कु.’ तर तिशीची असली तरी चालते.

गुजरातीत कथा वेगळी. आठवीच्या विज्ञानात या वयावरचा जो धडा वर्षानुवर्षं होता, तो हिंदीत ‘किशोरावस्था की ओर’ आणि गुजरातीत ‘तरुणावस्था तरफ’. धडा तोच, आकृत्याही त्याच. पण मराठी कानाला ‘तरुण’ म्हणजे कॉलेजात जाणारा, नोकरी शोधणारा, बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा. गुजराती माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना हे खटकत नाही. खटकतं ते त्यांना घरी शिकवायला बसलेल्या आईला. मी स्वतः एका भाचीला ‘तरुणावस्थेतले भावनिक बदल’ समजावताना चक्क लग्न आणि नोकरीच्या ताणाबद्दल बोलत बसले होते. तिने पुस्तक पुढे सरकवलं. वय होतं अकरा ते चौदा.

बरं, कायद्याकडे जावं तर तिथेही एक ओळ नाही. शिक्षणहक्काच्या कायद्यात बालक सहा ते चौदा वर्षांचं. बालन्यायाच्या आणि लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात अठरापर्यंत मूलच. बालकामगार कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने चौदापर्यंत बालक आणि चौदा ते अठरा हा वेगळा गट केला, आणि हिंदी पाठात त्याला शब्द वापरला ‘कुमार’. २०१४ च्या किशोर-आरोग्य कार्यक्रमात मात्र वय दहा ते एकोणीस. दहावीतली पंधरा वर्षांची मुलगी घ्या. शिक्षणहक्काने ती मूल राहिलेली नाही, अत्याचारविरोधी कायद्याने आहे, कामगार कायद्याने अधलीमधली आहे आणि आरोग्यखात्याला ती कधीची किशोरी झालेली आहे. तिला शिकवायची तयारी करणाऱ्या शिक्षिकेला यातलं काय शिकवायचं?

माझं मत विचाराल तर मराठी बोलभाषेने हा प्रश्न जास्त शहाणपणाने हाताळला होता. न कळतं वय, कळतं वय, वयात येणं, शिंगं फुटणं आणि गद्धेपंचविशी. यात आकडा एकाच ठिकाणी येतो, तोही पंचविसाचा. बाकी सगळ्या ठिकाणी मूल काय करतंय ते पाहून नाव दिलं आहे. पण अशा शब्दांवर बहुपर्यायी प्रश्न काढता येत नाहीत, त्यामुळे त्यांना पुस्तकात जागा नाही.

ही गाठ जुनीच, पण तिला खरा पीळ बसला शिक्षणहक्क कायद्यानंतर. गुजरातेत तोवर प्राथमिक म्हणजे पहिली ते सातवी, आठवी माध्यमिकात. पीटीसी, म्हणजे गुजरातची डीएड, झालेले शिक्षक सातवीपर्यंत, बीएडवाले आठवीपासून. कायद्याने आठवी प्राथमिकात ओढली. तेरा वर्षांचा तोच मुलगा, त्याच बाकावर, आधी माध्यमिक शिक्षकाचा विद्यार्थी होता, आता प्राथमिकाचा झाला. मग पात्रता परीक्षा आली. तिच्या राष्ट्रीय आराखड्यात पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, त्यातले बालविकासाचे ३० प्रश्न सहा ते अकरा वयोगटावर. दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी, त्यातलेही ३० प्रश्न, पण अकरा ते चौदा वयोगटावर. दोन्हीकडे विभागाचं नाव बालविकास व अध्यापनशास्त्र. म्हणजे वयात येणाऱ्या मुलांचं मानसशास्त्र विचारायचं, पण पाटी बालविकासाचीच. मला हे टाळाटाळीचं वाटतं. किशोरवय म्हटलं की शरीर येतं, आकर्षण येतं, घरचे वाद येतात. बाल म्हटलं की पेपर सोवळ्यात राहतो.

२०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं आणि त्याच्या आराखड्यात पहिलाच विषय बालपण आणि मोठं होणं असा आला. मग बीएडवाल्यांनी लहानांनाही का शिकवू नये? २०१८ च्या जूनमध्ये राष्ट्रीय पातळीवर तशी अधिसूचना निघाली. बीएड चालेल, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम पुरा करायचा. राजस्थानातून वाद उभा राहिला आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बीएडवाल्यांसाठी पहिली ते पाचवीचं दार बंद केलं. बीएडचं शिक्षण मोठ्या मुलांसाठी, लहानांना शिकवायचं कसब वेगळं, असा त्यामागचा विचार. त्या तारखेआधी रीतसर नेमलेल्यांना पुढे दिलासा मिळाला. केंद्रीय शाळांच्या आशेने सीटेटचा पहिला पेपर काढून बसलेल्या बीएडवाल्यांचं ते प्रमाणपत्र त्या नोकरीपुरतं एका दिवसात कागद झालं. पीटीसीवाल्यांना न्याय मिळाला हे खरंच. पण लहान मुलांसाठी वेगळं कसब लागतं हे कोर्टात मान्य झालं; वयात येणाऱ्यांसाठी तसंच वेगळं कसब लागतं का, हे कुणी विचारलं नाही, कारण त्या वयाची वेगळी पदविकाच नाही. त्या वयापर्यंतचं सगळं शिकवणारी मानव विकासाची पदवी हातात असली, तरी बीएड किंवा डीएलएड (पीटीसी-डीएडचं आजचं नाव) यांच्याशिवाय शाळेच्या भरतीत तिला कुणी विचारत नाही.

दुसऱ्या टोकाला मूल आणखी लहान झालं. २०२३ च्या जूनपासून गुजरातेत १ जूनला सहा पूर्ण नसतील तर पहिलीत प्रवेश नाही. पाच ते सहा वर्षांच्यांसाठी बालवाटिका. पालक उच्च न्यायालयात गेले आणि हरले. तीन वर्षांखालच्या मुलाला बालमंदिरात घालणंच बेकायदा आहे, असं त्यांनाच ऐकावं लागलं. नव्या शिक्षण धोरणाचा तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा इथे शाळेच्या दारात उतरला. त्याच वर्षी टेट आणि टाट (माध्यमिकची तशीच परीक्षा) पास झालेले उमेदवार अकरा महिन्यांच्या करारावर शिक्षक नेमणाऱ्या ज्ञानसहायक योजनेविरुद्ध रस्त्यावर होते.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल. शिक्षणहक्क कायद्याआधी लागलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनाही आता दोन वर्षांत टेट उत्तीर्ण व्हायचं आहे. त्यामुळे रावपुऱ्यातल्या एका ओळखीच्या बाई, पंचवीस वर्षं सातवीला शिकवलेल्या, संध्याकाळी चष्मा लावून गुजराती मार्गदर्शिका उघडतात आणि शेजारी आमच्या आत्याची जुनी मराठी डीएड ठेवतात. ‘तरुणावस्था’ या शब्दाभोवती त्यांनी पेन्सिलने वर्तुळ काढलंय. समासात लिहिलंय: आपली सातवी ब.