देशमुख, चिंतामण द्वारकानाथ

(१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२). रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे भारताचे अर्थमंत्री. जन्म महाडजवळच्या नाते गावी. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकून १९१८ मध्ये आयसीएस (ब्रिटिशकालीन भारतीय सनदी सेवा) परीक्षेत पहिले आले. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात महसूल आणि अर्थखात्यात गेली.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि आधीचे गव्हर्नर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. ‘पहिले भारतीय’ हा मान मोठा खरा. पण त्यांची कसोटी लागली ती स्टर्लिंगच्या (ब्रिटिश पौंडाच्या) हिशेबात आणि फाळणीत.

युद्धकाळात ब्रिटन भारतातल्या खरेदीचे पैसे लंडनला पौंडांत जमा करी. पौंडाला सुमारे १३ रुपये ५ आणे या दराने त्या पौंडांतल्या रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. कायद्याने हे तारण पुरेसे होते. बाजारात मात्र माल तेवढाच किंवा त्याहून कमी. त्यामुळे १९३९ मधले सुमारे १८० कोटींचे चलन १९४५ पर्यंत १,१०० कोटींच्या पुढे गेले आणि भाव भडकले. लंडनला साचलेली ही बाकी म्हणजे इथल्या माणसाने पोट मारून दिलेले कर्जच होते. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत देशमुख भारतीय शिष्टमंडळात होते. या बाकीची सोडवणूक नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत व्हावी, ही भारताची मागणी तिथे मान्य झाली नाही. निधीतला भारताचा वाटा (कोटा) मात्र ४० कोटी डॉलरचा मिळाला.

फाळणीनंतर रिझर्व्ह बँक काही काळ दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानसाठी नाशिकला छापलेल्या नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे उमटवली जात. दोन सरकारांत तंटा असताना एकाच बँकेने दोघांचे खजिने सांभाळायचे, ही व्यवस्था टिकणारी नव्हती. काश्मीरच्या लढाईत फाळणीपूर्व सरकारच्या रोख शिलकीतले पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये अडले, तेव्हा बँकही त्या वादात ओढली गेली. ही सामाईक व्यवस्था संपवण्याची ३० सप्टेंबर १९४८ ची ठरलेली मुदत ३० जूनवर आणावी लागली.

१ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. ३० जूनला देशमुखांनी पद सोडले. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या निर्णयावरून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले.