डोस सारखाच, मग टॅक्रोलिमसची लेव्हल वेगळी का येते?

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या घरात टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली लेव्हल हा कायमचा विषय, सकाळची गोळी न घेता लॅबला जायचं, रक्त द्यायचं आणि मगच गोळी घ्यायची. दोघांचं वजन सारखं, डोस सारखा, तरी एकाची लेव्हल १२ आणि दुसऱ्याची ४, आणि कमी आली की पहिला प्रश्न ठरलेला, गोळ्या वेळेवर घेताय ना? एकही गोळी न चुकवणाऱ्याला हे फार लागतं.

१९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरेंनी पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, झालंच नाही. बाकीच्यांसाठी साठच्या दशकात रिजेक्शन रोखणारं अझाथायोप्रिन हे औषध आलं, हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञांच्या कामातून. पण नेहमीच्याच डोसवर काही जणांच्या पांढऱ्या पेशी धडाधड खाली यायच्या. १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या वाइनशिलबॉम यांनी दाखवलं की टीपीएमटी हे असं औषध मोडणारं एन्झाइम साधारण ३०० मधल्या एकाकडे जवळपास नसतंच, आणि हे आनुवंशिक आहे. आपल्याकडे मात्र नुसतं टीपीएमटी बघून भागत नाही, एनयूडीटी१५ नावाचं दुसरं जीन आशियाई लोकांत जास्त महत्त्वाचं ठरतं आणि ते लक्षात यायला २०१४ उजाडलं!

टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय पेशंटना जास्त डोस लागतो हे डॉक्टरांना दिसत होतं, त्यामागचं कारण २००१ मध्ये कळलं. सीवायपी३ए५ जीनमध्ये एका अक्षराचा फरक असला की टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम नीट बनतच नाही. बहुतेक युरोपियन लोकांत ते बनत नाही, आफ्रिकन वंशाच्या बहुतेकांत बनतं, आणि ज्यांच्यात बनतं त्यांचं शरीर औषध भराभर संपवतं, त्यांना दीड ते दुप्पट डोस लागतो. किडनी दुसऱ्याची असली तरी टॅक्रोलिमस मोडतं ते पेशंटच्या स्वतःच्या आतड्यात आणि लिव्हरमध्ये, म्हणून इथे जीन डोनरचं नाही, मुख्यतः पेशंटचं बघायचं.

२०१० च्या फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये जीन बघून डोस दिल्यावर जास्त लोक योग्य लेव्हलला लवकर पोचले, पण रिजेक्शन काही कमी झालं नाही. त्यामुळे २०१५ च्या सीपीआयसी (जीन बघून औषध कसं द्यायचं हे सुचवणारा तज्ज्ञांचा गट) गाइडलाइनमध्ये एवढंच आहे की रिपोर्ट आधीच हातात असेल तर सुरुवातीचा डोस त्याप्रमाणे ठेवा, सगळ्यांची टेस्ट करा असं नाही, आणि लेव्हल तपासणं तर चालूच ठेवायचं.