पाळी आली नाही: दुधामुळे, की पुन्हा दिवस गेल्यामुळे?

दीड महिन्याच्या लसीला बाळाला घेऊन येणाऱ्या आयांचे प्रश्न वेगळे असतात. टाके दुखतात, दूध पुरतं का, बाळ रात्रभर का रडतं. त्याच आया नऊ महिन्यांनी गोवर-रुबेलाच्या लसीला येतात. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या की हळूच विचारतात, "ताई, अजून पाळीच आली नाही. अंगावर पाजतेय म्हणूनच ना?"

बहुतेकींच्या बाबतीत उत्तर 'हो' असतं, पण सगळ्यांच्या नाही. नाशिक शहरात काय किंवा दिंडोरी-निफाडच्या गावांत काय, 'पाजतेय तोवर काही होत नाही' हे वाक्य इतक्या विश्वासाने सांगितलं जातं, की पाचवा महिना लागेपर्यंत पोटात बाळ आहे हे कळलेलंच नसतं. म्हणून या दोन गोष्टी एकदा नीट शेजारी ठेवून पाहू या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: पाळी नाही. आत मात्र अगदी उलटं चाललेलं असतं.

आधी दुधामुळे थांबलेली पाळी. बाळ स्तन ओढतं तेव्हा तिथल्या नसांमधून मेंदूकडे संदेश जातो. त्याने प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढतं आणि दूध तयार होत राहतं. याच संदेशामुळे मेंदूतून अंडाशयाला ठरावीक लयीत मिळणारे इशारे विस्कळीत होतात. ते नीट मिळाले नाहीत तर स्त्रीबीज पिकत नाही. बीज नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तरही फारसं वाढत नाही, आणि जे वाढलंच नाही ते गळून पडणार कसं? म्हणून पाळी नाही. यात महत्त्व आहे बाळाच्या ओढण्याला, ते किती वेळा आणि किती नियमित ओढतं याला. स्तनात दूध भरपूर आहे एवढ्याने भागत नाही. रात्रीचं पाजणं तर विशेष मोलाचं, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

आता दुसरी बाजू. दिवस जातात तेव्हा बीज पिकलेलं असतं, सुटलेलं असतं, फळलेलं असतं. अस्तर चांगलं जाड झालेलं असतं आणि गर्भ रुजल्यामुळे शरीर ते गळू देत नाही. म्हणून पाळी नाही. म्हणजे एकीकडे बीज आलंच नाही म्हणून कोरडे महिने, दुसरीकडे बीज येऊन रुजलं म्हणून.

सगळा घोळ होतो तो क्रमामुळे. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसेल, मग सावध होऊ असं म्हणणारीच्या बाबतीत पहिलं बीज त्या पाळीच्या आधीच येऊन गेलेलं असू शकतं. त्या दिवसांत संबंध आले तर ती पहिली पाळी कधी दिसणारच नाही. आणि तिला वाटत राहील, अजून दुधाचाच परिणाम आहे. पहिल्या सहा महिन्यांत, भरपूर पाजणाऱ्या बाईची पहिली पाळी बऱ्याचदा बीज न सुटताच येते, किंवा बीज सुटलं तरी गर्भ टिकेल इतकी आतली तयारी झालेली नसते. जसजसे महिने पुढे जातात तसतशी पहिल्या पाळीआधीच चांगलं बीज सुटण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून चौथ्या महिन्यातल्या बाईचा निर्धास्तपणा अकराव्या महिन्यातल्या बाईने उसना घेऊ नये.

मग आजीबाईंचं म्हणणं खोटंच का? नाही. त्यात तथ्य आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे जगभरातले तज्ज्ञ जमले होते. तीन अटी एकत्र पाळल्या जात असतील तर स्तनपानाने ९८ टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळतं, असं त्यांनी मांडलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं. पाळी सुरू झालेली नसावी. आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असावं, म्हणजे दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून जास्त आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर नको. तिन्ही एकत्र, त्यातली एक जरी सुटली तरी हा भरवसा संपला. आपल्याकडे चालत आलेल्या वाक्यात फक्त 'पाजतेय' एवढंच उरलं आणि अटी गळून गेल्या, दुखणं तिथे आहे.

या अटी कुठे सुटतात ते आपल्या भागात डोळ्यांसमोर दिसतं. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते मार्च. बागेत घड काढायला, निवडायला सकाळी गेलेली बाई दुपारी परत येते. बाळ आजीकडे असतं, मधल्या वेळेला वरचं दूध दिलं जातं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाची पाळी आठ तासांची, त्यात जाण्यायेण्याची भर. घरी आल्यावर ती मनापासून पाजते, दूधही टिकून असतं, म्हणून तिला वाटतं आपण पाजतोच आहोत. पण मध्ये आठ-नऊ तासांची फट पडली आहे. दूध काढून ठेवणं बाळासाठी उत्तमच आहे, ते जरूर करावं. मात्र पंपाने किंवा हाताने दूध काढण्याचा पाळी थांबवण्यावर बाळाच्या ओढण्याइतका भरवशाचा परिणाम होत नाही.

सहावा महिना तर या सगळ्याचं वळणच आहे. उष्टावण होते, नागलीचं सत्त्व सुरू होतं, मऊ भात, वरणाचं पाणी. बाळ रात्री सलग झोपायला लागतं आणि घरातले सुटकेचा श्वास टाकतात. कायद्याने मिळणारी पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे, म्हणजे नोकरीवर रुजू होण्याची वेळही तीच. बाळाची भूक, झोप आणि आईचं काम, तिन्ही एकाच वेळी बदलतात आणि तिन्हींमुळे पाजणं कमी होतं. पाळणा लांबवायचा असेल तर साधनाचा विचार पाचव्या महिन्यातच करावा असं मी आग्रहाने सांगते, ते यासाठी. बाळगुटीबद्दलही विचारलं जातं. गुटीच्या चाटणाने पाजण्याची वेळ टळत नसेल तर तेवढ्यानेच संरक्षण मोडत नाही. तरी बाळासाठी म्हणून गुटी नकोच, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

आता लक्षणं. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण बायका लक्षणांवरच सगळा हिशोब मांडतात. थकवा? रात्री तीनदा उठणारी प्रत्येक आई थकलेली असते. मळमळ? जागरण, पित्त आणि उपाशीपोटी घेतलेला चहा यानेही होते. दूध कमी झालं? दिवस गेल्यावर कमी होऊ शकतं, पण पाळी यायच्या आधीच्या चार-सहा दिवसांतही काहींचं कमी होतं आणि बाळ कुरकुरतं. पोट सुटलेलं असतंच. पाळी चुकणं हा एरवीचा सगळ्यात मोठा इशारा, आणि नेमका तोच इथे निकामी. त्यातल्या त्यात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. आजवर आरामात पाजणाऱ्या आईची बोंडं अचानक हुळहुळी होऊन पाजताना दुखू लागली आणि बाळाची पकड बदललेली नाही, तोंडात पांढरी बुरशी नाही, तर तपासणी करावी. दुसरी गोष्ट अंगावरून जाणाऱ्या पाण्याची. दुधामुळे पाळी बंद असते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असतं, योनीमार्ग कोरडा वाटतो, संबंधाच्या वेळी दुखतं. हा कोरडेपणा जाऊन पारदर्शक, तार सुटणारा स्राव दिसू लागला तर अंडाशय जागं होत आहे असं समजावं. ती पाळीच्या आधीची सूचना असते आणि फार कमी जणींना कोणी ती सांगितलेली असते.

तरीही खात्री लक्षणांनी होत नाही. ती लघवीच्या तपासणीनेच होते. मेडिकलमध्ये किट मिळतं. सरकारी 'निश्चय' किट आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारावं. सकाळची पहिली लघवी घ्यावी. पाजत असल्याने तपासणी चुकते अशी शंका पुष्कळदा निघते, तर तसं होत नाही. किट शोधतं ते गर्भामुळे तयार होणारं संप्रेरक, दुधाच्या संप्रेरकाशी त्याचा संबंध नाही. मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जुन्या गर्भारपणाचं संप्रेरक शरीरात शिल्लक असू शकतं, तेव्हा केलेली तपासणी फसवते. आणि संबंध आल्यावर लगेच चार दिवसांत केलेली तपासणीही निरुपयोगी. शेवटच्या असुरक्षित संबंधाला तीन आठवडे झाले असतील आणि किटवर एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नाहीत असं उत्तर आलं, तर त्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

रक्त दिसलं म्हणजे पाळी आली, हेही प्रत्येक वेळी खरं नसतं. सव्वा महिना अंगावरून जातं ती पाळी नव्हे. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं होत ते थांबतं, पाजताना जरा जास्तही जातं. पूर्ण पाजणाऱ्या बाईला पहिल्या आठ आठवड्यांत दिसलेलं रक्त पाळीत धरत नाहीत. उलट, नंतरच्या महिन्यांत एखाद-दोन दिवस नुसते डाग दिसले तर ती सुरुवातीच्या गर्भारपणातली गळतीही असू शकते. डागांबरोबर पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांदेदुखी असेल तर किटची वाट न बघता दवाखाना गाठावा. गर्भ नळीत अडकल्याची ती लक्षणं असू शकतात, आणि तांबी बसवलेली असली तरी ही शक्यता पूर्ण संपत नाही.

पाळी एकदा आली की संरक्षण संपलं, पण गोंधळ संपत नाही. पाजणं चालू असेपर्यंत पाळी चाळीस दिवसांनी, मग दोन महिन्यांनी, मग अचानक पंचवीस दिवसांनी अशी येऊ शकते. कधी जास्त जाते, कधी दोनच दिवस. प्रत्येक वेळी लांबली की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि उत्तर शोधायची रीतही तीच. त्यात गर्भनिरोधक साधनांचे स्वतःचे परिणाम असतात. 'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याने पाळी अनियमित होते आणि अनेकींची बंदच होते. ते अपेक्षितच आहे, रक्त आत साठत नाही. 'छाया'च्या गोळीनेही पाळी लांबते. तांबीने उलट पाळी जास्त जाऊ शकते. पाजणाऱ्या आईला ही तिन्ही साधनं चालतात, अंतरा मात्र सहा आठवड्यांनंतर. माला-एनसारख्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत टाळतात, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. साधन नियमित घेतलेलं असेल तर न आलेल्या पाळीचा अर्थ वेगळा, आणि इंजेक्शनची तारीख उलटून गेली असेल तर वेगळा. म्हणून दवाखान्यात गेल्यावर ती तारीख आधी सांगावी.

पाजणं पूर्ण बंद करून तीन महिने झाले, किट निगेटिव्ह आहे आणि तरी पाळी नाही, तर थायरॉइड आणि इतर तपासण्या कराव्या लागतात. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता आणि दूधही कधी नीट आलंच नाही, अशा बाईने तर वाट पाहूच नये. तिथे दुधाचं कारण लागूच पडत नाही.

आणि किटवर दोन रेघा आल्या तर? पहिली अडचण तारखेची. शेवटची पाळी कधी, या प्रश्नाला उत्तरच नसतं, आणि अंदाजाने सांगितलेल्या तारखेवर पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून लवकर सोनोग्राफी करून घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत वय सगळ्यात अचूक कळतं. आधीचं सीझर असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण कमी अंतराने आलेल्या गर्भारपणात जुन्या टाक्यावर ताण येतो. दोन गर्भारपणांत अंतर असावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना बाळाच्या जन्मापासून किमान २४ महिने थांबायला सांगते. हे मूल नको असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेऊ नयेत. किती आठवडे झाले हेच माहीत नसताना त्या जिवावर बेतू शकतात. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठीच, दोन डॉक्टरांच्या मताने. पाचव्या महिन्यात कळलेल्या बाईच्या हातात किती कमी वेळ उरतो, ते यावरून लक्षात येईल.

मूल हवं असेल तर अंगावरच्या बाळाचं दूध त्याच दिवशी तोडायचं कारण नाही. पोटुशीचं दूध बाळाला बाधतं ही समजूत खरी नाही. दूध कमी होत जाईल, चव बदलेल, काही बाळं आपणहून सोडतील. आईला दोन्हींसाठी खावं लागेल, लोह आणि कॅल्शियम वेळेवर घ्यावं लागेल. आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, किंवा आत्ता रक्त जात असेल, तर पाजणं चालू ठेवावं का हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध कमी पडत असेल तर त्याचं वजन दर महिन्याला करून घ्यावं, अंगणवाडीत ते होतं.