अभिनिवेश

अभिनिवेश : योगदर्शनात सांगितलेल्या पाच क्लेशांपैकी (मनाला पीडणाऱ्या मूळ दोषांपैकी) शेवटचा, जगण्याची उपजत ओढ आणि तिच्याशी जोडलेले मरणभय. पातंजल योगसूत्रांनुसार (२.९) तो आपल्याच वेगाने वाहणारा असून विद्वानाच्या ठायीही रुजलेला असतो. सूत्रकार व वैयाकरण पतंजली एकच मानणारे अभ्यासक सूत्रांचा काळ इ. स. पू. दुसरे शतक धरतात. तथापि सूत्रे व त्यांवरील व्यासभाष्य ही इ. स. ४०० च्या सुमारास सिद्ध झालेली एकच कृती असावी, हे योगग्रंथांचे आधुनिक अभ्यासक फिलिप मास यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘मा न भूवं, भूयासम्’ (मी नाहीसा न व्हावा, मी असावा) ही आकांक्षा भाष्यकाराला नुकत्याच जन्मलेल्या कृमीतही आढळते. त्या कृमीने या जन्मी मरण अनुभवलेले नसल्याने पूर्वजन्मीच्या मरणदुःखाचा संस्कार मानावा लागतो, असे त्याचे अनुमान आहे. ही ओढ स्वाभाविकच का म्हणू नये, या शंकेला ४.१० वरील भाष्यात उत्तर दिले आहे : स्वाभाविक गोष्टीला निमित्त लागत नाही, भय मात्र दुःखाच्या स्मृतीवाचून उपजत नाही. पुनर्जन्म न मानणाऱ्यास हे उत्तर पटण्याजोगे नाही. परंतु जीवनेच्छा बुद्धीच्या निर्णयाहून खोल आहे, हे त्यामागील निरीक्षण त्यामुळे बाधित होत नाही. व्यासभाष्याचे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांच्या मते सूत्रातील ‘विद्वान’ म्हणजे श्रवण व अनुमान यांद्वारे विवेक (पुरुष व प्रकृती यांतील भेद) जाणणारा, साक्षात्कारी योगी नव्हे.

मरावेसे वाटणे या अनुभवाचा विचार सूत्रांत स्वतंत्रपणे आलेला नाही. बौद्ध परंपरेत भवतृष्णेबरोबर (असण्याच्या तहानेबरोबर) विभवतृष्णा, म्हणजे नसण्याची तहान, हीही तृष्णाच गणली आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर (१७८८–१८६०) याच्या मते आत्मघातास प्रवृत्त झालेला मनुष्य जीवन नाकारत नसतो. त्याला जगायचेच असते, केवळ वाट्याला आलेली परिस्थिती असह्य झालेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नायडमन (१९१८–२००९) यांनी असह्य मनोवेदना हे अशा विचारांचे मूळ मानले आणि मरणाची इच्छा व कोणी वाचवावे ही आशा एकाच मनात एकाच वेळी नांदतात, असे दाखवून दिले. वेदना थोडी उणावली तरी जगण्याची बाजू सावरू शकते, ही उपचारांची भूमिका यावरच उभी आहे. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (कलम ११५) अन्यथा सिद्ध न झाल्यास आत्मघाताचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतो आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवतो. ‘टेली मानस’ (१४४१६) या शासकीय दूरध्वनी सेवेवर समुपदेशकाशी मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.