पेज (कोकणातील)

तांदूळ भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवून, शीत आणि पाणी वेगळे न करता एकत्रच वाढलेले पातळ अन्न म्हणजे पेज. भात पिकतो त्या बहुतेक प्रदेशांत हा पदार्थ या ना त्या रूपात आढळतो. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, आणि त्याला लागून असलेल्या गोव्यात मात्र पेजेला दिवसातल्या एका पूर्ण जेवणाचे स्थान आहे. हे जेवण सकाळी दहा-अकराच्या सुमारास होते, त्यासाठी उकडा, म्हणजे तुसासकट उकडून मग कांडलेला, तांदूळच लागतो आणि सोबत काहीतरी खारट, आंबट किंवा तिखट तोंडी लावणे असावे लागते. रत्नागिरीच्या उत्तरेकडील अनेक घरांत त्याच वेळी सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचा मऊभात मेतकूट-तुपाबरोबर खाल्ला जातो. तो पेजेचा जवळचा नातलग असला तरी त्याची चव, घट्टपणा आणि पोटात टिकण्याचा गुण निराळा आहे.

कोकणी शेतकऱ्याच्या दिवसाची घडी पेजेच्या वेळेभोवती बसलेली आहे. पावसाळ्यात जोत धरणारा माणूस उजाडताना चहाच्या घोटावर घराबाहेर पडतो, दोन-तीन तास चिखलणी झाल्यावर जोत सोडतो आणि पेजेला बसतो. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढणाऱ्या आणि लावणीला वाकलेल्या बायकांसाठी ती टोपात भरून मळ्यात पोचवली जाते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात भिजत केलेल्या कामानंतर गरम, किंचित खारट आणि पातळ अन्न अंगी लागते, आणि पोट जड होत नसल्यामुळे पुन्हा कामाला वाकता येते. चैत्र-वैशाखात तीच पेज कोमट किंवा गार घेतात; घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ तिच्यातून काही अंशी भरून निघते.

पेजेची खरी तयारी चुलीवर नव्हे, खळ्यात होते. झोडून वाळवलेले भात, म्हणजे तुसासकट असलेली साळ, रात्रभर पाण्यात भिजत घालतात. दुसऱ्या दिवशी मोठ्या हंड्यात किंवा भांड्यात घालून तूस फुटू लागेपर्यंत उकडतात, पाणी निथळतात आणि चटयांवर किंवा सारवलेल्या खळ्यात पातळ पसरतात. येथे घाई चालत नाही. एकदम कडक उन्हात टाकलेल्या दाण्याला चिरा जातात आणि कांडताना त्याची कणी होते, तर फार वेळ भिजत राहिलेल्या भाताला आंबूस वास येतो आणि तो शिजवल्यावरही जात नाही. म्हणून जाणत्या बायका आधी सावलीत आणि मग उन्हात भात वाळवतात, अधूनमधून पायाने चाळवतात आणि एखादा दाणा दाताखाली धरून पाहतात: तो कट्टकन तुटला तर वाळवण पुरे झाले, चेपला तर आणखी ऊन हवे. उकडल्यामुळे तूस आधीच सैल झालेले असते, त्यामुळे कांडण सोपे जाते आणि अख्खा दाणा जास्त हाती येतो. भात घरी मुसळाने कांडले जात होते त्या काळात हा फायदा लहान नव्हता. आता कांडण जवळपास सगळीकडे गिरणीत होते. उकडणे मात्र अजून अनेक घरे स्वतःकडे ठेवून आहेत. वालय, सोरटी यांसारख्या लाल दाण्याच्या स्थानिक जातींना पेजेसाठी मान आहे, आणि गोव्याच्या खाऱ्या खाजण जमिनीत होणारा कोरगुटही याच कामाचा. सुधारित जातींचे भातही उकडले जाते. पण लाल तांदळाच्या पेजेला जो गोडसर वास आणि फिकट तांबूस रंग येतो, तो त्यांना येत नाही.

उकडण्याने दाण्याच्या आत काय घडते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पेजेचे आहारमूल्य बऱ्याच अंशी तेथे ठरते. तांदळातील ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मुख्यतः कोंड्याच्या थरात आणि अंकुरात असते, आणि सुरय तांदूळ सडताना, म्हणजे कांडून त्याचा कोंडा काढताना, ते कोंड्याबरोबर निघून जाते. साळ भिजवून उकडली की हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळून दाण्याच्या गाभ्याकडे सरकते; त्याच वेळी दाण्यातील पिष्ट फुगून एकजीव होते आणि वाळल्यावर घट्ट बसते. त्यामुळे असा तांदूळ पुढे सडला तरी त्यातील थायमिनचा मोठा भाग शिल्लक राहतो. या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या बेरीबेरी रोगाचा उलगडा पांढऱ्या तांदळाच्या अभ्यासातूनच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्तियान आइकमन यांनी जावा बेटावर कोंबड्यांवर निरीक्षणे केली आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९०५ मध्ये विल्यम फ्लेचर यांनी क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात काही रुग्णांना सुरय आणि काहींना उकडा तांदूळ देऊन पाहिले, तेव्हा हा रोग सुरय तांदूळ खाणाऱ्यांमध्येच पसरला. प्रयोगशाळेने हे सिद्ध करण्याच्या कितीतरी आधीपासून भारताच्या किनारपट्टीवरील घरे भात उकडत आली होती.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. ब गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असतात, आणि भात वेळून निवळ, म्हणजे शिजल्यावरचे पाणी, काढून टाकली तर त्यांचा काही भाग तिच्याबरोबर जातो. अनेक घरांत ती निवळ गुरांच्या वाट्याला येते. पेजेत मात्र शिजवलेल्या पाण्यातला थेंबही वाया जात नाही. पेजेला गरिबाचे अन्न म्हणून कमी लेखण्याची सवय शहरात गेलेल्या पिढ्यांना लागली. ती आहाराच्या दृष्टीने चुकीची आहे आणि शेतकरी घरांवर अन्याय करणारीही आहे. टंचाईच्या दिवसांत, विशेषतः नवे भात घरात येण्याआधीच्या भाद्रपदात, पेज अधिक पातळ होत असे, हे खरे. पण कणगी भरलेल्या घरातही सकाळी पेजच होत असे.

शिजवण्याची रीत सोपी असली तरी तिला वेळ द्यावा लागतो. एक वाटी उकड्या तांदळाला सात ते आठ वाट्या पाणी घेऊन आधी आधण आणतात, एकदाच हलके धुतलेले तांदूळ त्यात सोडतात आणि झाकण किंचित उघडे ठेवतात, कारण सुरुवातीला फेस चढून पेज उतू जाते. एक जोराची उकळी आल्यावर चुलीतले लाकूड मागे ओढून साधारण पाऊण ते एक तास ती मंद आचेवर रटरटू देतात. शीत बोटांत चेपून पाहतात: गाभ्यात कण लागू नये, पण शीत फुटून पिठूळही होऊ नये. उकड्या तांदळाचा दाणा इतका वेळ शिजूनही आपला आकार धरून राहतो, आणि म्हणूनच पेजेत शीत आणि निवळ ही दोन्ही वेगवेगळी कळतात. मीठ शेवटी घालतात. उतरवल्यावर थोडा वेळ झाकून ठेवली की निवळ दाटते. वाढायला करवंटीचा डवला आणि खायला फणसाचे पान ही जुनी पद्धत आहे: ताजे, जाड पान शंकूसारखे वळवून त्याची घडी हिराच्या, म्हणजे माडाच्या झावळीच्या काडीच्या, तुकड्याने टोचून पक्की करतात आणि त्या चमच्याने पेज भुरकतात. हा चमचा तापत नाही, धुवावा लागत नाही, आणि जेवण झाल्यावर गुरे तो खाऊन टाकतात.

तोंडी लावण्यात कोकणातील सगळे ऋतू उतरतात. पावसात टायकिळ्याची कोवळी भाजी ओले खोबरे घालून करतात. उन्हाळ्याआधी कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी होते. वर्षभरासाठी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, करमलांचे लोणचे, भाजलेला फणसाचा पापड आणि खोबऱ्याची चटणी असते. मासळी खाणाऱ्या घरांत निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा कांदा-खोबरे आणि आमसूल घातलेली सुकट पेजेबरोबर हमखास येते. ही नुसती चवीची बाब नाही. तांदळात प्रथिने सुमारे सात टक्के असतात आणि त्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. ही उणीव सुकी मासळी, कुळीथ, चवळी किंवा काळे वाटाणे भरून काढतात. केवळ लोणच्याबरोबर खाल्लेली पेज पोट भरते, पण ती पुरे जेवण ठरत नाही. कडधान्याची एक वाटी उसळ सोबत असली की ती तशी ठरते.

कण्यांची पेज आणि नाचणीची पेज हे तिचे प्रचलित प्रकार आहेत. नाचणीमुळे कॅल्शियमची भर पडते. शीत वगळून घेतलेली निवळ मात्र आजाऱ्यासाठीच असते. आयुर्वेदात मंड, पेया आणि विलेपी अशी पातळापासून घट्टापर्यंतची जी पथ्याची चढती श्रेणी सांगितली आहे, तिच्याशी कोकणातील रीत जुळते: ताप उतरताना आधी निवळ, मग पातळ पेज, मग घट्ट पेज आणि शेवटी भात. जुलाबात मीठ घातलेली पेज पाणी आणि क्षार पुरवते. तांदळाच्या पिठावर आधारलेले जलसंजीवनीचे द्रावण पटकीच्या रुग्णांना उपयोगी पडते, हे संशोधनातूनही दिसून आले आहे. तरीही लहान मुलाला जुलाब झाल्यास योग्य प्रमाणात बनवलेली जलसंजीवनी आणि वैद्यकीय सल्ला यांची जागा पेज घेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला निवळ पाजण्याची प्रथाही सोडून द्यायला हवी, कारण त्या वयात आईचे दूध पुरेसे असते. पुढे वरचे अन्न सुरू करताना मऊ पेजेत मुगाची डाळ शिजवून द्यावी. मधुमेह असलेल्यांनी उकडा तांदूळ म्हटल्यावर मोकळीक मानू नये. सुरय तांदळापेक्षा त्याने रक्तातील साखर साधारणतः सावकाश वाढते, पण मऊ शिजलेली पेज लवकर पचते, म्हणून प्रमाण राखून ती उसळीसोबत घेणे बरे. रक्तदाब असलेल्यांच्या बाबतीत अडचण तोंडी लावण्यातील मिठाची असते. सुकी मासळी पाण्यात भिजवून धुतली आणि लोणच्याऐवजी ताजी भाजी घेतली तर ती बरीच सुटते.

शाळा-कचेऱ्यांच्या वेळा आल्या तशी दहाची पेज अनेक घरांतून उठली आणि तिची जागा चहा-बिस्किटे व पोह्यांनी घेतली. चाकरमानी सुट्टीत गावी आले की ती पुन्हा चुलीवर चढते. शहरात ती कुकरमध्येही होते. तांदूळ तासभर भिजवून, एकास सहा वाट्या पाणी घेऊन आणि कुकर अर्ध्यापेक्षा अधिक न भरता पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर वीस मिनिटे ठेवला, आणि वाफ आपोआप जिरल्यावर उघडून लागेल तसे गरम पाणी घातले, की पेज चांगली होते. दुकानातून उकडा तांदूळ घेताना फार पांढरा आणि गुळगुळीत केलेला टाळावा. दाण्यावर लालसर कोंड्याचे पट्टे दिसत असलेला, आंबूस वास नसलेला तांदूळ पेजेला उत्तम.