जखमी शत्रूला पाणी: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बांधाच्या वादातून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, की दोन्हीकडचे जखमी शेवटी एकाच दवाखान्यात येतात. छत्रपती संभाजीनगरात त्या दवाखान्याला सगळे 'घाटी' म्हणतात, कागदोपत्री ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अपघात विभागात मारणारा आणि मार खाणारा कधी कधी शेजारशेजारच्या खाटांवर असतात. दोघांच्या केसपेपरवर 'एमएलसी', म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, असं लिहिलेलं, दाराशी हवालदार, बाहेर दोन्हीकडचे नातेवाईक एकमेकांकडे खुन्नस देऊन बघतायत. टाके आधी कुणाला घालायचे हे कोणाचं रक्त जास्त जातंय त्यावर ठरतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की जखमी निर्दोष असो वा गुन्हेगार, डॉक्टरने आधी त्याचा जीव वाचवायचा.

हाच जखमी युद्धातल्या पलीकडच्या बाजूचा असला की मात्र आपली जीभ बदलते. मे २०१० मध्ये बातमी आली की आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने अफगाणिस्तानात सत्तरहून अधिक तालिबानी लढवय्यांना प्रथमोपचार शिकवले. काबूलपासून लंडनपर्यंत लोक चिडले. आज ज्याला टाके घातले तो उद्या पुन्हा बंदूक उचलणार, मग हे पुण्य कसलं? हा सवाल अडाणीपणाचा नाही. तो नवाही नाही. तीनशे वर्षांपूर्वी तो जवळपास याच शब्दांत विचारला गेला होता, आणि ज्यांच्यासमोर विचारला गेला त्यांची अखेर आपल्या नांदेडात झाली.

शीख परंपरेतली ही गोष्ट आनंदपूरच्या वेढ्याची, १७०४-०५ च्या सुमाराची. भाई कन्हैया पखाल घेऊन रणात फिरायचे आणि जो पडलेला दिसेल त्याला पाणी पाजायचे, मग तो शीख असो की मुघल. लढणाऱ्यांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली: आम्ही ज्यांना पाडतो त्यांना हा पाणी देऊन पुन्हा उभं करतो. कन्हैयांना बोलावलं गेलं. त्यांचं उत्तर असं की मला पडलेल्यांत मुघल आणि शीख वेगळे दिसत नाहीत. गुरूंनी त्यांना रागावण्याऐवजी मलमाची डबी दिली, पाण्याबरोबर जखमांना हेही लाव म्हणून. पुढे १७०८ मध्ये नांदेडला गुरूंवरच मारेकऱ्यांनी वार केला. तेव्हा औरंगजेबाचा मुलगा बहादूरशाह याने शल्यवैद्य पाठवला आणि जखम शिवली गेली, पण ती पुन्हा उसवली, असं परंपरा सांगते. हुजूर साहिबला दर्शनाला जाणाऱ्या किती जणांच्या मनात ही दुसरी गोष्ट येते, कोण जाणे.

उपदेश त्याआधीही होता. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की जखमी शत्रूवर आपल्या राज्यात उपचार करावेत किंवा त्याला घरी पोचवावं, आणि बरा झाला की सोडून द्यावं. पण उपदेश न पाळणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. नियम नसला म्हणजे काय होतं हे बघायला फार लांब जायला नको, जालना जिल्ह्यात गेलं तरी पुरे.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजा भिडल्या. कंपनीच्या बाजूने ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता असा हिशेब लागला. मराठ्यांचे ठार आणि जखमी मिळून अंदाजे सहा हजार सांगतात, आणि हा अंदाज जिंकणाऱ्यांनीच केलेला. दुसऱ्या दिवशी कंपनीचीच कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी येऊन पोचली. तिला जखमींसाठी तिथेच थांबवून घ्यावं लागलं, कारण चौथ्या दिवशीही रानातून माणसं उचलणं चालू होतं. सप्टेंबरअखेरचं आपल्याकडचं ऊन, उभी पिकं आणि त्यात चार दिवस पडून राहिलेला माणूस. पुढे अजिंठ्याला इस्पितळ उभं राहिलं, ते कंपनीच्या जखमींसाठी.

याहून बोलकी गोष्ट दौलताबादची आहे. निजाम तेव्हा कंपनीचा दोस्त होता, तरी दौलताबादच्या किल्लेदाराने असईहून आलेल्या कंपनीच्या जखमींना किल्ल्यात घ्यायला नकार दिला. म्हणजे शत्रूच्या जखमींची बात सोडाच, दोस्ताच्या जखमींनाही दार उघडायचं बंधन कुणावर नव्हतं. ज्याच्या हाती किल्ली, त्याची मर्जी.

मर्जीच्या जागी कायदा यायला आणखी एकसष्ट वर्षं गेली. २४ जून १८५९ ला उत्तर इटलीत सोल्फेरिनोला फ्रान्स-सार्डिनिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात लढाई झाली. जिनिव्हाचा हेन्री ड्यूनां हा व्यापारी तिथे आला होता तो अल्जीरियातल्या आपल्या धंद्याचं गाऱ्हाणं फ्रान्सच्या सम्राटाच्या कानी घालायला. जवळच्या कास्तिल्योने गावात त्याने हजारो जखमी बघितले आणि गावातल्या बायांना मदतीला घेऊन कामाला लागला. 'तुत्ती फ्रातेल्ली', म्हणजे सगळे भाऊभाऊ, असं म्हणत त्या बाया ऑस्ट्रियन आणि फ्रेंच दोघांच्याही जखमा धूत होत्या. १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ ला बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. अवघी दहा कलमं होती. सहावं कलम म्हणतं की जखमी वा आजारी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याला उचलायचं आणि त्याची शुश्रूषा करायची.

बरा होऊन पुन्हा लढला तर, ही शंका करार लिहिणाऱ्यांनाही आलीच होती. त्याच कलमात सोय आहे. जो लढण्याच्या कामाचा उरला नाही त्याला घरी पाठवायचं. बाकीच्यांना, हे युद्ध संपेपर्यंत हत्यार धरणार नाही या अटीवर, सोडता येईल. आजच्या वादात हा प्रश्न कुणी नवा शोध लावल्यासारखा मांडला, की मला या कलमाची आठवण होते.

पण कराराचा जीव एका शब्दात अडकलेला होता, 'सैनिक'. समोरच्याला सैनिक म्हटलंच नाही तर? १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत तिथल्या झुलू लोकांनी कराविरुद्ध उठाव केला. गांधींनी सरकारला मदत म्हणून वीसेक हिंदी माणसांचं शुश्रूषापथक काढलं. बोअर युद्धात त्यांनी अकराशे माणसांचं पथक उभं केलं होतं, त्यामुळे डोलीचं काम नवं नव्हतं. इथे वाट्याला आले ते झुलू जखमी, कारण गोरे परिचारक त्यांना हात लावायला तयार नव्हते. पाच-सहा दिवस जखमा न धुतल्यामुळे त्या सडल्या होत्या, घाण येत होती. गोरे शिपाई कठड्यापलीकडून शिव्या देत होते, कशाला यांची सेवा करता म्हणून. गांधींनी पुढे आत्मकथेत लिहिलं की यातले बरेच जण लढाईत जखमी झालेलेच नव्हते. काहींना नुसत्या संशयावरून धरून फटके मारले होते, काही तर सरकारच्या बाजूचे झुलू होते आणि चुकून गोळी लागली होती. 'शत्रू' ही चिठ्ठी चिकटवायला किती थोडं लागतं, हे इतकं उघडं क्वचित दिसतं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या अभिमानाचा विषय आहेत. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पण ते पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या पाठीशी उघडपणे उभं राहायला गेलं होतं. रेडक्रॉसची तटस्थता ही वेगळी जात. दोन्हींना मोल आहे, पण एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की भांडण भलतीकडेच जातं.

मराठवाड्याला शब्दांच्या या खेळाची आणखी एक ओळख आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय लष्कराने रणगाड्यांसह निजामाचं राज्य घेतलं. आपण आजही त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. त्या वेळचे जिनिव्हा करार देशादेशांतल्या युद्धापुरते होते. कारवाई पोलिसी ठरली की समोरचा जखमी परकीय सैनिक उरत नाही, कायदा मोडणारा ठरतो, आणि करार बाजूला राहतो. हैदराबाद मुक्त झालं हे चांगलंच झालं. मी बोलतोय तो नावाबद्दल. योगायोग असा की त्याच्या आदल्याच महिन्यात स्टॉकहोमला रेडक्रॉसची परिषद देशांतर्गत लढायांना करारात कसं आणायचं यावर खल करत होती. १२ ऑगस्ट १९४९ ला चार नवे करार झाले. चारही करारांत तिसरं कलम सारखंच ठेवलं गेलं: लढाई देशातली असली तरी जखमींना गोळा करून त्यांच्यावर उपचार करायचे. पहिल्या करारात आणखी दोन गोष्टी आल्या. उपचारांचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल, आणि जखमींची शुश्रूषा केली म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही. भारताने १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९७७ च्या पुरवणी करारांत मात्र भारत सामील झाला नाही.

२००१ नंतर चिठ्ठी पुन्हा बदलली. शत्रूचा 'दहशतवादी' झाला, आणि दहशतवादविरोधी कायद्यांत मदत हाच गुन्हा. जून २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या संघटनांना शांततेच्या मार्गाचं प्रशिक्षण देणंही गुन्ह्यात धरलं. त्या कायद्यात औषधांना सूट आहे, पण ती औषधं देणाऱ्या हातांचं काय, यावर वकील भांडत राहिले. आपल्याकडे डॉ. विनायक सेन यांना मे २००७ मध्ये छत्तीसगडात अटक झाली. तुरुंगातल्या आजारी माओवादी नेत्याला ते तपासायला जात, आणि आरोप त्याच्या चिठ्ठ्या बाहेर नेल्याचा होता. २०१० मध्ये जन्मठेप झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला.

तालिबान्यांना प्रथमोपचार शिकवण्याबाबत मी स्वतः थोडा अडखळतो. समोर पडलेल्याला उचलणं वेगळं आणि लढायला निघालेल्याच्या हाती मलमपट्टीची पिशवी देणं वेगळं, असं वाटतं. पण रेडक्रॉसने तेच प्रशिक्षण अफगाण पोलिसांना, सैनिकांना आणि जखमींना वाहून नेणाऱ्या टॅक्सीवाल्यांनाही दिलं होतं. यात निव्वळ व्यवहारही आहे. एकाच बाजूचे जखमी उचलणाऱ्या गाडीला दुसरी बाजू नाक्यावरून पुढे जाऊ देत नाही, आणि मग त्या पट्ट्यातली अडलेली बाळंतीणही दवाखान्यात पोचत नाही.

अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये 'सीमेविना डॉक्टर' या संस्थेचा दवाखाना होता. तिथे दोन्ही बाजूंचे जखमी घेत, आणि हत्यारं फाटकाबाहेर ठेवावी लागत. त्याचा नकाशावरचा नेमका ठावठिकाणा लढणाऱ्या फौजांना आधीच कळवलेला होता. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे आत १०५ रुग्ण होते. संस्थेच्याच अहवालानुसार त्यांत सरकारी बाजूचे तीन-चार लढवय्ये होते आणि तालिबानचे सुमारे वीस, बाकी साधे लोक. अमेरिकेच्या विमानाने त्यावर तासाभराच्या आसपास मारा केला. ४२ माणसं गेली, त्यांत १४ कर्मचारी. २९ एप्रिल २०१६ ला अमेरिकी लष्कराने चौकशीचा निकाल जाहीर केला: ही चूक होती, सोळा जणांवर शिस्तभंगाची कारवाई, फौजदारी खटला कुणावर नाही. त्यानंतर चारच दिवसांनी सुरक्षा परिषदेने युद्धातल्या दवाखान्यांना संरक्षण देणारा २२८६ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला. मतदान करणाऱ्यांत अमेरिकाही होती.